वेशीपाशी वेग उतरावा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दरूप)

रायगड पायी चढणाऱ्याला महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दोन भक्कम बुरूज असे उभे केले आहेत, की वाट त्यांच्या कुशीत शिरते, वळते आणि मगच दार समोर येते. या रचनेला गोमुखी बांधणी म्हणतात. चालून येणाऱ्या शत्रूला दारापर्यंत सरळ धाव घेता येऊ नये, हत्तीची धडक दाराला बसू नये, वळणावर त्याचा वेग मोडावा आणि तो वरच्या पहाऱ्याच्या टप्प्यात यावा, हा तिचा हेतू. तिथल्या बांधकाम करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. येणाऱ्याला आवरायचे तर ते काम वाटेच्या आखणीनेच करावे लागते.

गावांच्या वेशींतही हेच शहाणपण होते, कारण मात्र साधे होते. वेशीतून आत येताना गाडीवान कासरा ओढून धरी. वाट अरुंद असे, आत शिरताच पार असे, मारुतीचे देऊळ असे, पाण्याला निघालेल्या बायका आणि खेळणारी पोरे असत. बाहेरची मोकळी वाट संपली आणि माणसांची वस्ती सुरू झाली, हे बैलालाही कळे. पुढे तट ढासळले, वेशी पडल्या किंवा पाडल्या गेल्या. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने १६१२ साली उभारलेला भडकल दरवाजा अजून उभा आहे. त्या शहराच्या जुन्या दरवाजांपैकी काहींतून आजही वाहने जातात, काहींना वळसा घालून जातात. बहुतेक गावांत मात्र वेशीचे फक्त नाव उरले, आणि ज्या जागी वेग उतरायचा, त्याच जागी आता तो सर्वांत जास्त असतो.

आजच्या एखाद्या तालुक्याच्या गावात शिरणारा रस्ता डोळ्यांपुढे आणावा. महामार्गाचा फाटा सुटला, की चौपदरी काँक्रीट सुरू होते. मध्ये दुभाजक, त्यात बोगनवेल किंवा पाम. पुढे स्वागत कमान आणि कमानीला बांधलेले वाढदिवसाचे फ्लेक्स. कमानीच्या अलीकडे टायरचे दुकान, पंक्चरवाला, रसवंती, पेट्रोलपंप, मंगल कार्यालय. पलीकडे कॉलेज, आयटीआय, बाजार समिती, एसटी स्टँड. डांबर किंवा काँक्रीट संपते तिथून दुकानाच्या पायरीपर्यंत जी पट्टी उरते, तिला साइडपट्टी म्हणतात. मुरूम, खडी, गटाराचे उघडे तोंड, उभे केलेले ट्रक आणि वडापच्या जीपा, हे सगळे या पट्टीवर असते. माणसेही याच पट्टीवरून चालतात.

नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात या रस्त्यासाठी दोन वेगळी खाती सापडतात. सुशोभीकरणाच्या खात्यातून कमान, कारंजे, रंगीत दिवे आणि दुभाजकातली झाडे येतात. सुरक्षेच्या खात्यातून रंबलर, लुकलुकणारा पिवळा दिवा आणि ‘वाहने सावकाश चालवा’ची पाटी येते. दोन्हींची फाइल वेगळी, ठेकेदार वेगळा, उद्घाटनही वेगळे. या व्याख्यानाचे म्हणणे असे आहे, की ही दोन कामे मुळात एकच आहेत. प्रवेशरस्ता देखणा करणाऱ्या गोष्टी, म्हणजे दाट सावली, रुंद पदपथ, रस्त्याकडे तोंड केलेली घरे-दुकाने, पायाखालची चांगली फरसबंदी, मापात आणलेला डांबरी भाग, याच चालकाला सांगतात की महामार्ग मागे राहिला. त्या वेगळ्या करून केलेला खर्च दोन्ही बाजूंनी वाया जातो.

हा प्रश्न केवळ नेटकेपणाचा नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतली ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती, म्हणजे जवळजवळ दर पाचांत एक. त्याच वर्षी एकूण मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर झाले, आणि देशाच्या एकूण रस्त्यांच्या लांबीत या महामार्गांचा वाटा अगदी थोडा आहे. महामार्ग वस्तीला जिथे भिडतो ती जागा म्हणूनच धोक्याची. तिथे एकाच पट्ट्यावर दोन जगे येतात: शंभर किलोमीटर मागून सरळ आलेला ट्रक, आणि फाट्यावर एसटीतून उतरून कॉलेजकडे निघालेली मुलगी.

या मुलीविषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण आराखड्यात ती सहसा नसते. राज्यात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, आणि त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत तालुक्याच्या गावात पायी शिरणाऱ्या माणसांचा सर्वांत मोठा लोंढा स्टँडवरून किंवा फाट्यावरून येत राहिला. बाजारच्या दिवशी डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया, दवाखान्यात निघालेले म्हातारे जोडपे, पाठीवर दप्तर आणि हातात डबा घेतलेली मुले, साखर कारखान्याच्या हंगामात बैलगाडीमागून चालणारे ऊसतोड मजूर. गावाच्या प्रवेशद्वारातून गाव पाहणारे हे पहिले लोक. गाडीतून येणाऱ्या पाहुण्याला कमान दिसते ती दोन-तीन सेकंद. पायी येणाऱ्याला तोच रस्ता पंधरा-वीस मिनिटे भोगावा लागतो, मे महिन्याच्या उन्हात आणि जुलैच्या चिखलात. देखणेपण कोणासाठी मोजायचे, याचे उत्तर इथेच आहे.

आता वेगाकडे. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा ताशी ३० च्या गाडीच्या चौपट असते. संकट दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगाने जाणारी चांगल्या ब्रेकची गाडी साधारण १७ मीटरांत थांबते. ६० च्या वेगात तिला सुमारे ४५ मीटर लागतात. १७ मीटरांवर मूल रस्त्यात आले, तर पहिली गाडी त्याच्यापाशी येऊन थांबते. दुसऱ्या गाडीचा चालक ब्रेक दाबण्याआधीच तिथे पोहोचलेला असतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गाडीची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता ताशी ३७ किलोमीटरला सुमारे १० टक्के, ५१ ला २५ टक्के आणि ६८ ला ५० टक्के आढळली. प्रवेशरस्त्यावरचा सगळा वाद या मधल्या तीसेक किलोमीटरचा आहे. तेवढा वेग कमी झाला, तर दीड किलोमीटरच्या वाटेवर गाडीवाल्याचा जास्तीत जास्त एक-दीड मिनिट जातो.

गतिरोधक हा यावरचा झटपट उपाय मानला जातो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत सर्वसाधारण वाहतुकीसाठी त्याचे माप दिलेले आहे: उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून सुखाने जावी. प्रत्यक्षात रात्रीत घातलेला डांबराचा अरुंद उंचवटा दिसतो; ना रंग, ना आधी सूचना. मोटारसायकलवर मागे बसलेली बाई त्यावरून पडते, रुग्णवाहिकेतला रुग्ण कळवळतो, आणि उंचवटा ओलांडला की चालक पुन्हा वेग घेतो, कारण पुढचा रस्ता त्याला वेगानेच बोलावत असतो. गाव एका बिंदूवर सुरू होत नाही, म्हणून वेग उतरवण्याचे कामही एका बिंदूवर होत नाही.

डेन्मार्कच्या रस्ते खात्याने १९८० च्या दशकात हा प्रश्न लहान गावांत नेऊन तपासला. व्हिन्डेरुप, स्केअरबेक आणि उगरलोसे या तीन गावांमधून मुख्य रस्ता जात होता. प्रत्येक गावाला बाह्यवळण बांधणे परवडणारे नव्हते. मग गावातून जाणारा रस्ताच नव्याने आखला. प्रवेशाशी झाडांच्या रांगा आणि अरुंद केलेली वाट, पुढे रस्त्याला हलके वळण, चौकात वेगळी फरसबंदी, ओलांडण्यासाठी मध्ये थांबायची जागा. बाह्यवळणाच्या मानाने थोड्या खर्चात वेग उतरले. आपल्याकडच्या नगराध्यक्षांनी आणि अभियंत्यांनी अभ्यास दौरा काढायचाच असेल, तर मोठ्या राजधान्यांपेक्षा असली छोटी गावे पाहावीत.

त्याच काळात नेदरलँडमधल्या फ्रीसलँड प्रांतात हान्स मॉन्डरमन हा रस्ता सुरक्षेचा अधिकारी काम करत होता. आउडेहास्के या खेड्यात भरधाव गाड्यांची तक्रार होती. मॉन्डरमनने तिथे नेहमीचे उंचवटे आणि पाट्या घातल्या नाहीत. त्याने रस्ता खेड्यासारखा दिसेल असा केला: डांबराऐवजी विटांची फरसबंदी, ठळक कडा काढून टाकलेल्या, पाट्या कमी. थोडासा फरक पडेल अशी अपेक्षा होती. वेग ४० टक्क्यांहून अधिक उतरला. पुढे त्याने ड्राख्टेन शहरातल्या लावाइप्लाइन या चौकातले सिग्नल काढून तिथे हिरवळ, कारंजी आणि वर्तुळाकार वाहतूक आणली. या चौकातून रोज वीस हजारांच्या आसपास वाहने जात. भेटायला आलेल्या पत्रकारांना तो या वाहतुकीत पाठमोरा चालत जाऊन दाखवी, आणि गाड्या थांबत. २००८ साली तो वारला. चालकाला कमी सांगितले तर तो जास्त पाहतो, हे त्याचे म्हणणे जगभर पोहोचले.

इंग्लंडच्या चेशर परगण्यातले पॉइन्टन हे गाव या विचाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण. मँचेस्टरच्या दक्षिणेला, लंडन रोड हा मोठा रस्ता गावाच्या मधोमध पार्क लेन या बाजाररस्त्याला भेटतो. रोज पंचवीस हजारांच्या घरात वाहने, ट्रकही भरपूर. चारही बाजूंनी दोन-दोन पदर येऊन सिग्नलला थांबत, गर्दी साचे आणि बाजारातली दुकाने एकामागून एक बंद पडत होती. २०१२ साली, सुमारे चाळीस लाख पौंड खर्चून, सिग्नल काढले गेले. येणारे पदर दोनाचे एक झाले. चर्चसमोरच्या फाउंटन प्लेस या चौकात दगडी फरसबंदीची दोन वर्तुळे आखली. बेन हॅमिल्टन-बेली हा त्याचा रचनाकार. गाड्या हळू पण न थांबता सरकू लागल्या, माणसे सहज रस्ता ओलांडू लागली आणि पार्क लेनवर पुन्हा वर्दळ आली.

पण पॉइन्टनची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही. जड ट्रकांखाली दगडी फरशी टिकेना, दुरुस्त्या वारंवार कराव्या लागल्या. आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे कडा नसलेल्या अशा सपाट रस्त्यांची अंध माणसांना भीती वाटू लागली. पांढऱ्या काठीला कड लागत नाही, चालकाशी नजरानजर करता येत नाही; ज्या नजरेच्या भाषेवर ही सगळी रचना उभी, ती भाषा त्यांना उपलब्धच नाही. २०१८ साली ब्रिटिश सरकारने कडा नसलेल्या एकसपाट रस्त्यांच्या नव्या योजना थांबवायला सांगितल्या.

यातून आपल्याकडे काय घ्यावे? पदर कमी करणे घ्यावे, फरसबंदीतला बदल घ्यावा, चौकाला गावाचे रूप देणे घ्यावे. कडा काढून टाकणे घेऊ नये. जिथे पदपथ चढून दुचाक्या जातात आणि दुकानदार गिऱ्हाइकाची गाडी पायरीशी लावून घेतो, तिथे कड गेली तर दुसऱ्या दिवशी पदपथ वाहनतळ होईल.

मग पदपथ कसा हवा? भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी मार्गदर्शिकेत तो कोणताही अडथळा नसलेला, किमान १.८ मीटर रुंद असावा असे म्हटले आहे. म्हणजे चाकाच्या दोन खुर्च्या एकमेकींच्या शेजारून जाऊ शकतील इतका. कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, डोक्यावर २.२ मीटरपर्यंत मोकळीक हवी. या तीन मापांनी आपल्या कोणत्याही गावाचा पदपथ मोजावा. फूट-दीड फूट उंच कड, दर दुकानापाशी तुटलेला उतार, मधोमध विजेचा खांब, डीपीचे खोके, झाडाभोवतीचे काँक्रीट. म्हाताऱ्या माणसाला गुडघे दुखत असताना दर वीस पावलांवर चढ-उतार करावा लागला, तर तो साइडपट्टीवर उतरतो. दोष कोणाला द्यायचा, त्या माणसाला की त्या कडेला?

पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले आणि जंगली महाराज रस्ता व औंधमधले रस्ते नव्याने आखले. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ, झाडांखाली बसायच्या जागा आणि मुलांना खेळायची ठिकाणे झाली. संध्याकाळी तिथे आजी-आजोबा आणि तरुण मुले सारखीच दिसतात. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. पुण्याचे पदपथ सगळीकडे चांगले आहेत असे कोणी म्हणणार नाही. पण वर्दळीचा मराठी रस्ता माणसांसाठी आखता येतो आणि त्याने व्यापार बुडत नाही, हे तिथे डोळ्यांनी पाहता येते. आता कायद्याचाही आधार आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. रस्त्याच्या आखणीत वा देखभालीत ठरलेली मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे कोणी मेले किंवा अपंग झाले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

झाडांचा विषय मात्र मापांपुरता नाही, तो मनाचाही आहे. साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर सुरूर फाट्याला वळले, की वाईला जाणारा रस्ता जुन्या वडांच्या रांगेतून जातो. पारंब्यांची कमान डोक्यावर येते, उजेड बदलतो, हवा बदलते आणि चालक आपोआप हळू होतो. कृष्णाकाठच्या त्या गावात शिरण्याआधीच वाई सुरू झालेली असते. अशी कमान कोणत्याही ठेकेदाराला बांधता येणार नाही. रुंदीकरण म्हटले की पहिली कुऱ्हाड मात्र अशाच झाडांवर पडते, कारण ती नेमकी साइडपट्टीच्या जागी असतात. २०२० साली सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावी सुमारे चारशे वर्षांचा वड महामार्गाच्या आखणीत येत होता. लोकांनी आवाज उठवला, मंत्रालयापर्यंत आणि दिल्लीपर्यंत विषय गेला, आणि आखणीत बदल केला गेला. रेषा कागदावरची होती, ती हलली. २०२१ साली महाराष्ट्राच्या नागरी वृक्ष कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचे संरक्षण मिळाले. नगरपालिका हद्दीतल्या प्रवेशरस्त्यावरच्या प्रत्येक वडा-पिंपळा-चिंचेची नोंद वयासह झाली पाहिजे, आणि ती आराखडा काढण्याआधी अभियंत्याच्या टेबलावर असली पाहिजे.

झाड रस्त्याला अगदी चिकटून असेल तर धडकेचा धोका असतो, हे खरे. वेग ताशी ८० असेल तेव्हा तो मोठा असतो. ४० च्या आत आणला आणि झाडापुढे कड, पदपथ व चकाकणाऱ्या पट्ट्या असल्या, तर झाड तोडायचे कारण उरत नाही. दुभाजकात लावलेल्या पाममुळे कोणालाच सावली मिळत नाही. त्याऐवजी वड, कडुनिंब, करंज किंवा बहाव्याची रोपे पदपथाच्या कडेला लावली, तर दहा वर्षांत चालणाऱ्याच्या डोक्यावर छत येते आणि चालकाच्या डोळ्यांना रस्ता अरुंद भासतो. एकाच खड्ड्यातून दोन्ही खात्यांचे काम होते.

चालणाऱ्याचा विचार महामार्गाच्या आराखड्यातही बसवता येतो, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी ज्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन झाले, त्या आळंदी-पंढरपूर आणि देहू-पंढरपूर मार्गांवर वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र पायवाट धरलेली आहे. लाखो माणसे पायी चालतात म्हणून राष्ट्रीय महामार्गाच्या आडव्या छेदात पायांसाठी जागा आली. वारी वर्षातून एकदा जाते. कॉलेजची मुले रोज जातात. मोठ्या रस्त्यासाठी ज्या जुन्या झाडांची सावली जाते, ती भरून यायला मात्र एक पिढी लागते, आणि त्या वाटेवर ही रुखरुख चालणाऱ्यांच्या बोलण्यात ऐकू येते.

आता गावाच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या बांधकामांविषयी आणि फ्लेक्सविषयी. फ्रान्समध्ये १९९५ च्या एका पर्यावरण कायद्याने वस्तीबाहेरच्या द्रुतगती मार्गांपासून १०० मीटर आणि जास्त वाहतुकीच्या इतर रस्त्यांपासून ७५ मीटरांत नवे बांधकाम रोखले. सवलत हवी असेल तर गावाने सुरक्षा, गोंगाट, वास्तुरचना आणि निसर्गदृश्य या सगळ्यांचा एकत्र विचार केलेली योजना द्यायची. शहराच्या तोंडाशी गोदामे, शोरूम आणि जाहिरातींची जी रांग उभी राहते, तिला उद्देशूनच हा कायदा होता. सुरक्षा आणि देखणेपण एकाच कलमात घातल्याने नगरपालिकांना दोन्हींवर एकदम विचार करणे भाग पडले. तिथेच १९५९ पासून फुलांनी सजलेल्या गावांची स्पर्धा चालते. मानांकन मिळालेली गावे प्रवेशाशी लाल फुलांची पाटी लावतात, एकापासून चार फुलांपर्यंत. त्या पाटीचा अभिमान इतका, की फूल कमी होऊ नये म्हणून गावकरी झटतात.

ब्राझीलच्या साव पावलो शहराने २००७ पासून उघड्यावरचे जाहिरातफलक बंद केले. हजारो फलक उतरले आणि त्यांच्यामागे लपलेल्या इमारती लोकांना पुन्हा दिसल्या. महाराष्ट्रात बेकायदा फलकांविरुद्धची मोठी न्यायालयीन लढाई एका मध्यम शहरातून सुरू झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी सविस्तर निकाल दिला आणि बेकायदा फलक काढण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. तरी कमानी आणि चौक झाकलेलेच दिसतात. फलकाचे दुखणे डोळ्यांपुरते नसते. १३ मे २०२४ च्या वादळात घाटकोपरला सुमारे १२० फूट लांब-रुंद फलक पेट्रोलपंपावर कोसळला आणि १७ माणसे गेली. गावाच्या फाट्यावरचा फलक एवढा मोठा नसतो, पण तो वळणावरची नजर अडवतो, सिग्नल झाकतो, आणि त्याचे बांबू नेमके पदपथात रोवलेले असतात.

प्रवेश किती साधा आणि किती सुंदर असू शकतो, हे पाहायचे तर पणजीला ओल्ड गोव्याकडून यावे. १६३३-३४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट लिन्यारिशच्या काळात रायबंदर ते पणजी असा सुमारे ३.२ किलोमीटरचा सेतुमार्ग बांधला गेला. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरे आणि खारफुटी. कमान नाही, कारंजे नाही, रोषणाई नाही. रस्ता अरुंद राहिला म्हणून वेगही मर्यादेत राहतो, आणि पाण्यावरून येताना पणजी हळूहळू समोर येते.

हे सगळे एखाद्या तालुक्याच्या गावात का होत नाही, याचे एक कारण मालकीत आहे. फाटा राष्ट्रीय महामार्गाचा, पुढचा दीड किलोमीटर सार्वजनिक बांधकाम विभागाचा, गटार नगरपालिकेचे, खांब वीज कंपनीचे, स्टँड एसटी महामंडळाचे, टपऱ्यांचा प्रश्न पोलिसांचा. बाह्यवळण झाले की जुना रस्ता नगरपालिकेच्या गळ्यात येतो, तोही महामार्गाच्या रुंदीसकट. खरे तर ही संधी असते. वाहतूक बाहेर गेली, रुंदी मात्र राहिली. त्या रुंदीतून पदपथ, झाडे, सायकलची वाट आणि हातगाड्यांसाठी आखलेली जागा निघते. हातगाड्या आणि टपऱ्या हलवून रस्ता ‘स्वच्छ’ करण्याचा मोह टाळावा. संध्याकाळी सातला दिवा लावून बसलेल्या भजीवाल्यामुळेच एकटी चालणारी मुलगी त्या वाटेने निर्धास्त जाते. त्याला जागा आखून द्यावी, पाणी आणि कचऱ्याची सोय द्यावी, आणि १.८ मीटर मोकळे ठेवायला सांगावे.

सुरुवात बांधकामाने करण्याची गरज नाही. न्यूयॉर्कमध्ये २००९ साली टाइम्स स्क्वेअरचा भाग गाड्यांना बंद केला तेव्हा आधी रंग, पिंपे आणि साध्या खुर्च्या वापरल्या. निकाल पाहून २०१० साली तो बदल कायम केला. औंधमध्येही पक्के काम करण्याआधी तात्पुरते अडथळे मांडून आखणी तपासली गेली. गावात हे आणखी स्वस्तात होते. चुन्याच्या रेघा, वाळूच्या गोण्या, बांधकाम विभागाचे शंकू. फाट्यापासून कमानीपर्यंत पदर साडेतीन मीटरचे तीन मीटर करावेत, कॉलेजच्या फाटकासमोर पदपथाच्या उंचीची ओलांडण्याची सपाट जागा आखावी, मध्ये थांबायला जागा ठेवावी, एसटी थांबा ओलांडण्याच्या जागेच्या पुढे न्यावा, म्हणजे उतरलेली माणसे बसच्या मागून ओलांडतील आणि चालकाला दिसतील. पंधरा दिवस हे राहू द्यावे.

मोजणी मात्र आधी आणि नंतर दोन्ही वेळा व्हायला हवी. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना हे काम देता येते: मोजपट्टी आणि घड्याळ घेऊन शंभर मीटर कापायला गाडीला किती सेकंद लागतात ते टिपायचे, सकाळी कॉलेज भरताना, बाजारच्या दिवशी, रात्री दहानंतर. किती माणसे ओलांडतात, किती जण साइडपट्टीवर उतरतात, म्हातारी माणसे ओलांडण्याआधी किती वेळ थांबतात. पोलीस ठाण्यातून मागच्या पाच वर्षांच्या अपघातांच्या जागा घेऊन नकाशावर ठिपके मारायचे. हे काम डिसेंबर-जानेवारीत झाले, तर फेब्रुवारीत अंदाजपत्रकाच्या सभेपुढे आकड्यांसह प्रस्ताव जातो. सुशोभीकरण आणि सुरक्षा या दोन खात्यांची रक्कम त्यात एकत्र दाखवावी, बांधकाम विभागाचे ना हरकत पत्र आणि भूमी अभिलेख खात्याची हद्द मोजणी सोबत जोडावी, आणि झाडे लावायचे खड्डे मे महिन्यात खणून ठेवावेत, म्हणजे रोपे पहिल्या पावसात जमिनीत जातात.